दोन पिक्सेल वाकडं

माणसाला फसवायचं तर खोटं बोलावं लागतं, असं समजणारी मंडळी फार भोळी. रत्नागिरीच्या निरंजन शृंगारपुऱ्यानं उभ्या जन्मात एक शब्द खोटा उच्चारला नव्हता. तो फक्त बटणं इकडची तिकडे करायचा. तेवढ्या भांडवलावर त्यानं खारतळ्याच्या धाकू तांडेलाची होडी, जी चाळीस पावसाळ्यांत बुडाली नव्हती, ती ऐन मे महिन्यात, पाण्यावर एक लाटही न उठवता बुडवली.

खारतळं खाडीच्या अलीकडे, पोफळवणं पलीकडे. होडीनं बारा मिनिटं. रस्त्यानं जायचं झालं तर वरचा पूल गाठून एकोणचाळीस किलोमीटर. शाळा पलीकडे, दवाखाना पलीकडे, मासळीबाजारही पलीकडेच. असली ही होडी चालू ठेवावी की बंद करावी, असं सरकारनं खारतळ्याच्या लोकांना फोनवरच्या फॉर्मातून विचारलं, आणि चारशे बावन्न माणसांपैकी चारशे सात जणांनी 'बंद करावी' हे बटण दाबलं. त्यातलं एक खुद्द धाकूनं दाबलेलं होतं. पंधरा दिवसांत होडीचा धक्का 'निळाई' नावाच्या तरंगत्या हॉटेलाला मिळाला, आणि धाकूची होडी अंगणात पालथी पडली.

आता तुम्ही म्हणाल, सगळा गाव एकाच दिवशी वेडा झाला की काय? नाही. गाव शहाणाच होता. काळ तसा होता.

तो काळ लोकसल्ल्याचा. कायदाच असा आला होता की लोकांना विचारल्याशिवाय सरकारनं खांबावरचा दिवासुद्धा बदलायचा नाही. त्यामुळे माणशी दिवसाला सहा-सात फॉर्म यायचे. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात फोन, आणि अंगठ्यानं लोकशाही उरकायची. कायदा मोठा कडक. प्रश्नातला शब्द न् शब्द लोकसल्ला आयुक्तांकडून मंजूर होऊन यायचा, त्यात काना-मात्रा बदलली तरी तुरुंग. मतं उघडी, ग्रामसभेत हात वर करतात तशी. कोणी काय दाबलं याची यादी दुसऱ्या दिवशी पंचायतीच्या फळ्यावर. शब्दांना अशी सात कुलपं घातली, पण मांडणीला साधी कडीही घातली नाही. बटण केवढं, कुठं, कोणत्या रंगाचं, दोन ओळींत अंतर किती, हे 'फॉर्म तयार करणाऱ्या संस्थेने सोयीनुसार ठरवावे' असं एका ओळीत लिहून कायदेपंडित जेवायला गेले.

अशी फॉर्म मांडणारी रत्नागिरीतली संस्था म्हणजे 'सुबक'. तिचा मालक निरंजन शृंगारपुरे. आणि तिथली सगळ्यात हुशार मांडणीकार होती केतकी तांडेल, म्हणजे धाकूचीच मुलगी. ज्या हत्यारानं बापाची होडी बुडाली ते हत्यार तिनंच घडवलं होतं.

तिनं ते घडवलं होतं चांगल्या मनानं. गोष्ट अशी, की अंगठा काचेला टेकायच्या आधीच काचेला त्याची चाहूल लागते. आपलं अंग वीज वाहून नेतं. बोट जवळ आलं की काचेखाली जी बारीक तारांची जाळी असते तिच्यातला विजेचा भार किंचित हलतो. जुन्या फोनांना हे बोट टेकल्यावर कळायचं. नव्या काचेला दोन बोटं अंतरावरून कळू लागलं. म्हणजे अंगठा कुठून निघाला, कुठल्या बटणावर घुटमळला, कुठं दचकला आणि शेवटी कुठं उतरला, हा सगळा रस्ता काचेला दिसतो. केतकीनं त्या रस्त्याचं नाव ठेवलं अंगुळचाल. हातापायांची असते तशी अंगठ्याचीही चाल असते आणि ती माणशी वेगळी.

मग तिनं असा फॉर्म केला, की नाव, वय आणि 'आज ऊन आहे का?' असल्या तीन बिनकामाच्या प्रश्नांत तो तुमची चाल ओळखेल आणि चौथ्या प्रश्नाला स्वतःला तुमच्या मापानं बेतून घेईल. शिंपी सदरा बेततो तसा. हात थरथरणाऱ्या म्हाताऱ्याला 'हो' म्हणायचं असेल तर 'हो'चं बटण हळूच त्याच्या अंगठ्याखाली सरकेल. 'नाही' जरा उशिरा, पापणी लवण्याइतकंच उशिरा, उगवेल. शब्द तेच, फक्त वाट सोपी.

निरंजननं ते पाहिलं, तिची पाठ थोपटली आणि तिच्या नकळत त्या गणितातलं एक चिन्ह उलटं केलं. आता फॉर्म माणसाला हवं ते बटण जवळ आणत नव्हता. पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला, आज 'निळाई' तर उद्या आणखी कोणी, हवं ते आणत होता.

केतकीला हे कळलं ते खारतळ्याच्या पाणवठ्यावर, दोन बायकांच्या भांडणात.

रविवारी ती घरी आली होती. सखूमावशी म्हणजे नात्यानं धाकूची मावसबहीण, पण हाकेला सगळ्या गावाची मावशी. रोज होडीनं मासळीची टोपली घेऊन पलीकडे जाणारी. ती डोळ्यांना पदर लावून सांगत होती, "माझीच बोटं झडू देत गो! मी 'चालू ठेवा' दाबायला गेल्ये, आणि बघत्ये तर 'बंद'! ते डावीकडचं मेलं बटण एवढं मोठं, भाकरीएवढं..."

"डावीकडं कुठं?" शेजारची अनसूया म्हणाली. "उजवीकडं होतं. हिरवंगार."

"हिरवं? निळं होतं!"

"माझे डोळे काय फुटलेत? हिरवं, आणि उजवीकडं!"

दोघी हातघाईवर आल्या. केतकीच्या हातातली कळशी मात्र तशीच भरून वाहत राहिली. डावी, उजवी, निळं, हिरवं. तिला मापं ओळखू आली. सखूमावशी डावखुरी. अनसूयेचा अंगठा आखूड. दोघींचा सदरा एकाच शिंप्यानं बेतला होता, आणि कापड तिचं होतं.

घरी धाकू पालथ्या होडीला टेकून जाळं विणत बसला होता. गावात लहानथोर म्हणत होते, तांडेलानं स्वतःच स्वतःची होडी बुडवली. वाटेवर कोणीतरी हाक मारली होती, "काय तांडेल, आता घर कधी बंद करताय?" सहा आठवडे तो कोणाशी धड बोलला नव्हता.

"बाबा," केतकी म्हणाली, "तू का दाबलंस 'बंद'?"

"झालं ते झालं गो बाय. हातपाय धू, जेवायला बस."

त्याची मान खाली होती. केतकीनं ती खाली गेलेली मान पाहिली, आणि तिच्या पोटात जो जाळ झाला तो मग पुढं कित्येक महिने विझला नाही.

सोमवारी ती थेट निरंजनच्या खोलीत गेली. तिनं सगळं बोलून टाकलं. निरंजननं शांतपणे ऐकलं. टेबलावरची टाचणीची डबी कडेला समांतर केली. मग विचारलं, "मी एक शब्द तरी बदललाय का? दाखव."

"लोकांना कळलं तर?"

"कसं कळेल? प्रत्येकाला आपलाच फॉर्म दिसतो. शेजाऱ्याच्या फोनात डोकावणं आपल्यात वाईट समजतात. कोणाला कुठली मांडणी दाखवली याच्या नोंदी आपल्या तिजोरीत. प्रमुखाच्या स्वतःच्या अंगठ्याच्या संमतीशिवाय ती आयुक्तही उघडू शकत नाहीत, कायदाच आहे. आणि प्रमुख कोण? मी." तो हसला. "तुझ्या वडिलांचं ऐकून वाईट वाटलं हं. पण त्यांचा अंगठा त्यांनी सांभाळायचा."

शेवटचं वाक्य त्यानं बोलायला नको होतं.

केतकीनं राजीनामा दिला नाही. राजीनामे सज्जन माणसं देतात. ती तांडेलाची पोर. समोरच्याला बुडवायचं तर तो कुठल्या पाण्यात पोहायला शिकलेला नाही हे आधी बघावं लागतं, एवढं तिला कळत होतं. तिनं निरंजनला न्याहाळायला सुरुवात केली.

निरंजन मोठा सावध. मिठाईवाला आपली मिठाई खात नाही. तसा हा कुठलाही फॉर्म उघड्या बोटानं भरत नसे. खिशात रबराची टोपी असायची, ती अंगठ्यावर चढवायची, मगच काचेला हात. टोपीतून अंगुळचाल वाचता येत नाही. म्हणजे त्याच्याच हत्यारानं तो मरणारा नव्हता.

पण त्याची एक खोड होती. त्याला वाकडं खपत नसे. लग्नाला गेला तर आहेराआधी मांडवातली झालर सरळ करायचा. फॉर्मात कुठं दोन पिक्सेल, म्हणजे मुंगीच्या पायाएवढं, इकडचं तिकडं झालं तरी तो खोलीच्या दारातून ओरडायचा, "तिसरी ओळ!" आणि तिसरी ओळ खरंच वाकडी निघायची. या एका डोळ्यावर त्यानं 'सुबक' उभी केली होती.

आणि त्याच डोळ्यात त्याचं आंधळेपण होतं. फॉर्म मांडणारे लोक मजकूर वाचत नाहीत. मांडणी करताना खरे प्रश्न आलेलेच नसतात. त्या जागी 'मजकूर मजकूर मजकूर' असं भरताड घालून बटणं बसवायची असतात. अशी वीस वर्षं काढली की माणसाला सगळंच भरताड दिसू लागतं. अक्षरांची उंची दिसते, ओळींमधली हवा दिसते, अर्थ दिसत नाही. निरंजनच्या घरी त्याच्या लग्नाची पत्रिका काचेत लावलेली होती, कडा अशा काटेकोर की बघत राहावं. त्यात सासऱ्यांचं नाव चुकलंय हे त्याला बायकोनं चौथ्या वर्षी सांगितलं.

संधी कार्तिकात आली. दरवर्षी सगळ्या संस्थांच्या प्रमुखांना आयुक्तांकडे एक कबुलीचा फॉर्म भरून द्यावा लागे: गेल्या वर्षात आपण काही गैर केलंय का, असे चाळीस प्रश्न. सगळे 'नाही, नाही, नाही' असं भरत आणि सुटत. या फॉर्माची मांडणी पाळीपाळीनं एकेका संस्थेकडे येई. यंदाची पाळी 'सुबक'ची. निरंजनची छाती दोन इंच फुगली. अख्ख्या कोकणातले प्रतिस्पर्धी आपली मांडणी बघणार!

"केतकी, हा फॉर्म देवघरासारखा झाला पाहिजे."

"होईल, सर."

ती तीन आठवडे खपली. शेजारच्या टेबलावर नाझनीन मुकादम बसायची. तयार फॉर्म लाइव्ह करायचं, म्हणजे प्रत्यक्ष चालू करायचं, काम तिचं. ती एकदा म्हणाली, "तू काय शिजवत्येस गं?"

"फॉर्म."

"फॉर्माला फोडणीचा वास कसा येतोय?"

"नाझनीन, उद्या सरांच्या नावचा फॉर्म मी लाइव्ह करायला सांगेन. वरच्या पट्टीत कायद्यानं जे लिहायचं ते स्पष्ट लिहिलेलं असेल. मी सरांना तोंडानंही सांगेन. तू साक्षीला बस. बाकी काही करू नकोस."

नाझनीननं तिच्याकडे पाहिलं. तिची आजी त्याच होडीनं पलीकडच्या दवाखान्यात जायची, आणि आता जात नव्हती. "बसते," ती म्हणाली. "डबा घेऊनच बसते."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला केतकीनं मोठी काच निरंजनसमोर ठेवली.

"सर, हा तुमचा कबुलीचा फॉर्म. लाइव्ह आहे, तुमच्या नावानं उघडलाय."

"बरं झालं. लाइव्हवरच खरा रंग दिसतो, प्रिव्ह्यूमध्ये सगळं फिकट..." तो एकदम थांबला. नाकपुड्या फुलल्या. "वरची पट्टी!"

वरच्या पट्टीत लिहिलं होतं: 'येथे दिलेले उत्तर अंतिम असून ते नोंदले जाईल.'

"पट्टीचं काय, सर?"

"दोन पिक्सेल खाली आहे. आणि हा राखाडी? हा राखाडी आहे की धुणं धुतलेलं पाणी?"

"मजकूर बरोबर आहे ना, सर? एकदा वाचता का?"

"मजकूर आयुक्तांचा. आपण काय त्यांची शुद्धलेखनाची वही तपासायला बसलोय?" असं म्हणत तो खाली सरकला. पहिले आठ प्रश्न नितळ होते. तिथं त्यानं खिशातली टोपी अंगठ्यावर चढवून सवयीनं 'नाही, नाही' केलं. मग नववा प्रश्न आला.

'आपल्या संस्थेने कोणत्याही लोकसल्ल्यात निरनिराळ्या व्यक्तींना निरनिराळी मांडणी दाखवली आहे का?' खाली दोन बटणं. 'नाही' बिनचूक, गुळगुळीत, काही बघण्यासारखं नव्हतंच त्यात. आणि 'हो' वाकडं. फार नाही. दोन पिक्सेल. शिवाय त्याचा डावा वरचा कोपरा उरलेल्या तीन कोपऱ्यांपेक्षा कणभर कमी गोल.

निरंजनच्या घशातून मांजरानं करावा तसा आवाज आला. "हे काय आहे?"

"काय, सर?"

"हा कोपरा! तुला दिसत नाही? दाबल्यावर कसं खाली जातं बघू..." त्यानं दाबलं. टोपीमुळं दाब कळेना. बटण अडखळल्यासारखं वाटलं की रबर अडखळलं? त्यानं टोपी उपटून टेबलावर फेकली आणि उघड्या अंगठ्यानं 'हो' दाबलं. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबून धरलं. "पाहिलंस? जाताना सरळ जातं, येताना डावीकडे झुकतं!"

"नोंद झाली, सर," केतकी म्हणाली. खरंच नोंद झाली होती.

"सगळं नोंदवून घे. पुढं."

'हो' म्हटल्यामुळे पुढं नवी यादी उघडली होती: 'कोणत्या लोकसल्ल्यात?' खाली वर्षभरातल्या एकशे बारा लोकसल्ल्यांची नावं. इथं या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. यादी बरोबर बसली की नाही हे बघायचं तर त्यातलं सर्वांत लांब नाव निवडायचं. ते एका ओळीत मावलं तर बाकीची मावतात. कुठलाही मांडणीकार झोपेतही हेच करील. निरंजननं डोळ्यानंच लांबी मोजली आणि अंगठा टेकवला: 'खारतळे ते पोफळवणे खाडीतील प्रवासी होडीसेवा चालू ठेवणे अथवा बंद करणे याबाबतचा लोकसल्ला.'

नाझनीनचा घास घशात अडकला. ती पाणी प्यायली.

"ओळ तुटतेय!" निरंजन विजयानं म्हणाला. "'याबाबतचा' खाली पडतंय एकटं. अनाथ पोरासारखं."

"सर, एकदा वाचून तर घ्या काय निवडलंत ते."

"केतकी, किती वेळा सांगू? वाचायला लोक आहेत. आपण दिसण्याचं बघायचं." पुढची चौकट: 'या लोकसल्ल्याच्या सर्व नोंदी आयुक्तांना खुल्या करण्यास माझी संमती आहे.' बरोबरची खूण जरा जाडजूड होती. ती उमटताना कशी दिसते हे बघायला त्यानं ती उमटवली. "ढेरपोटी खूण," तो म्हणाला. उरलेले एकतीस प्रश्न त्यानं नुसते अंतर बघत, अंगठा फिरवत पार केले. शेवटी 'पाठवा' आलं. 'आभारी आहोत'चं पान नीट मध्यभागी येतं का, हे पाठवल्याशिवाय कसं कळणार? त्यानं पाठवलं.

'आभारी आहोत' अगदी बरोबर मध्यभागी आलं. इतकं सुंदर की तो क्षणभर बघतच राहिला.

"हे मात्र छान," तो म्हणाला. "बाकी सगळं पुन्हा कर."

"आता पुन्हा होत नाही, सर. उत्तर अंतिम असतं. वरच्या पट्टीतच होतं ते."

निरंजननं वर पाहिलं. आणि वीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं एक ओळ वाचली. वाचताना त्याचे ओठ हलत होते, पहिलीतल्या मुलासारखे. मग तो फॉर्माच्या प्रतीत खाली-खाली वाचत गेला. नवव्या प्रश्नाशी पोचेपर्यंत त्याचा चेहरा त्या पट्टीच्या रंगाचा झाला होता.

"तू मला फसवलंस!"

"मी एक शब्द तरी बदललाय का?" केतकी म्हणाली. "दाखवा. तुमचा अंगठा तुम्ही सांभाळायचा, सर."

त्याची नंतर काय गत झाली ते ऐकण्यासारखं आहे. नोंदी उघडल्या. खारतळ्याला दाखवलेल्या मांडण्या एकीशेजारी एक ठेवून आयुक्तांनी भिंतभर लावल्या. एकीसारखी दुसरी नव्हती. 'सुबक'ला टाळं लागलं. निरंजनला तुरुंग झाला नाही, कारण शब्द बदलला नव्हता. त्याला झाली दहा वर्षांची मतबंदी. म्हणजे दहा वर्षं कोणीही, कशाबद्दलही, त्याला विचारायचं नाही. ऐकायला किरकोळ वाटतं. पण त्या काळात न्हाव्याच्या दुकानातही कल्ले किती ठेवायचे याचा फॉर्म यायचा. निरंजनच्या काचेवर फक्त एक ओळ यायची, 'आपल्या उत्तराची आवश्यकता नाही', आणि न्हावी आपल्या मनानं कापायचा. खानावळीत समोर येईल ते जेवायचं. सोसायटीनं बहुमतानं त्याच्या दाराला पोपटी रंग दिला आणि नावाची पाटी कोणीतरी चांगली बोटभर तिरकी ठोकली. ती सरळ करायची तर सोसायटीचं मत घ्यावं लागणार, आणि तो विषय मांडायला त्याला मत नव्हतं. केतकी एकदा वाट वाकडी करून ती पाटी बघून आली. त्या दिवशी तिला दोन घास जास्त गेले.

होडी चालू करण्याचा हुकूमही निघाला: येत्या सोमवारपासून. 'निळाई'नं धक्का सोडला. आणि आयुक्तांच्या कचेरीतून खारतळ्याच्या प्रत्येक माणसाला एक पाकीट आलं. तुम्हाला कोणती मांडणी दाखवली होती त्याचा छापील कागद. गावभर लोक कागद शेजारी-शेजारी धरून बघत होते. सखूमावशीनं आपला कागद अनसूयेच्या नाकापुढं धरला: "बघ! निळं!" अनसूयेनं आपला धरला: "बघ! हिरवं!" आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून पोटभर रडल्या.

केतकीनं बापाचं पाकीट स्वतः फोडलं. त्याच्या हातात कागद द्यायचा आणि म्हणायचं, बघ बाबा, तुझी चूक नव्हती, मान वर कर. हे एकच वाक्य म्हणण्यासाठी तिनं सहा महिने रक्त आटवलं होतं.

कागदावर लिहिलं होतं: 'मांडणी: साधी. अंगुळचाल वाचता आली नाही. अंगठ्याची त्वचा अतिशय जाड.' खाली दोन बटणं छापली होती, दोन्ही सारखी, दोन्ही राखाडी. आणि त्याखाली: 'उत्तरास लागलेला वेळ: अकरा मिनिटे.'

ती कागद घेऊन अंगणात गेली. "बाबा, हे काय?"

"काय झालं?"

"तुझा फॉर्म साधा होता. तुझा अंगठा कोणी ओढलाच नाय."

धाकूनं जाळ्याची सुई खाली ठेवली. "ओढला असं मी कधी सांगितलं?"

"मग 'बंद' कशाला दाबलंस?"

"बंद करायची होती म्हणून."

केतकी पालथ्या होडीवर बसली. धाकू तिच्याकडं न बघता बोलू लागला. सहा महिन्यांचं साठलेलं होतं. "चाळीस वर्षं गो. पहाटेची पयली फेरी, दिवे लागायची शेवटची. ताप असो, सणवार असो. बाप गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी सुकाणू हातात दिलं, आणि मग कोणी इचारलंच नाय, धाकू, तुला चालवायची हाय काय? त्या दिवशी पयल्यांदा कोणीतरी इचारलं. चालू ठेवावी की बंद करावी. मी तो फॉर्म दोनदा वाचला. म्हटलं, हे खरंच मला इचारतायत."

"आणि गावाचं काय? शाळेचं, दवाखान्याचं?"

"मला काय म्हाईत! म्हटलं, माझं आपलं एक मत जाईल. गाव काय बंद करू देतंय? नुसती मनातली नोंद. आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर चारशे सहा माणसं माझ्या बाजूला!"

"मग तोंड का पाडून बसलास एवढे महिने?"

"काय करू? सखू येऊन ऊर बडवत्ये, आणि मी पयल्यांदा सकाळी सात वाजेपर्यंत झोपलोय, झ्याक वाटतंय. असल्या माणसानं मान वर करून कुणाकडं बघावं?"

"मला तरी सांगायचंस!"

"तू पेटली होतीस." धाकू जरासा हसला, पुष्कळ दिवसांनी. "त्या शृंगारपुऱ्याची जिरवलीस ना पण?"

"जिरवली."

"चांगली?"

"चांगली."

"झालं तर मग. ती जिरायलाच हवी होती. सखूचा अंगठा ओढलान त्यानं." त्यानं सुई पुन्हा उचलली. "मी काय सोमवारी होडीवर येणार नाय हां. आधीच सांगतो."

सोमवारी धक्क्यावर सगळं गाव जमलं. नारळ फुटला. होडी सुलटी झाली होती, तिला नवा रंग होता, आणि सुकाणूवर केतकी उभी होती. नोकरी गेलेली, हुकूम तिनंच आणलेला, दुसरं कोण उभं राहणार? धाकू इस्त्रीचा सदरा घालून आला. गावाला वाटलं, तांडेल सुकाणूकडं जातोय. लोकांनी वाट करून दिली. तो सरळ मधल्या फळीवर जाऊन ऐसपैस बसला, उतारूंसारखा, पायावर पाय टाकून.

होडी निघाली. भरतीच्या ओढीनं लगेच तोंड फिरवू लागली.

"डावीकडं घे," धाकू म्हणाला.

केतकीनं घेतलं.

"एवढं नाय. आता उजवीकडं. आता का घेतलंस? पाणी बघून घ्यावं!"

"बाबा, जरा गप्प बसशील?"

"गप्प?" धाकूनं मागं वळून होडीभर बसलेल्या मंडळींवरून एकदा नजर फिरवली, सखूमावशीपासून सरपंचापर्यंत. "चाळीस वर्षं ही सगळी माझ्या पाठीमागं बसून मला होडी शिकवत होती. एकानं कधी सुकाणूला हात लावला नाय. आज मी बसलोय." मग त्यानं पाय आणखी लांब केले. "डावीकडं, डावीकडं! डोळे घरी ठेवून आलीस काय?"